कार्बाइनची नळी किती लांब घ्यावी? माझा अनुभव

पिस्तुलाची काडतुसं चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्यायची, हे ठरायला मला एक आठवडा पुरला. तिची नळी किती इंची असावी हे ठरायला मात्र चार महिने गेले.

मी इथे अमेरिकेत स्टील चॅलेंजचे सामने खेळतो. समोर पाच लोखंडी प्लेटा असतात, प्रत्येकीला एक गोळी लागली पाहिजे आणि स्टॉप प्लेट सगळ्यात शेवटी. ती वाजली की तुमची वेळ ठरली. बरीच वर्षं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल चालवलं. पण चाळिशी उलटली आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) धूसर दिसायला लागली, तेव्हा लाल ठिपक्याची साइट लावलेली, खांद्याला टेकवून चालवायची बंदूक हवी असं वाटू लागलं. काडतुसं तीच, त्यामुळे खर्चाचं गणितही बदलणार नव्हतं.

सुरुवातीला मी वेगाच्या मागे लागलो. नळी लांब तर गोळी वेगवान, एवढंच डोक्यात होतं. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला, ओळखीच्या नेमबाजांच्या दोन कार्बाइन मागून घेतल्या आणि ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) एकाच खोक्यातली काडतुसं सगळ्यांतून झाडली. माझ्या साडेचार इंची पिस्तुलातून सेकंदाला साधारण ११५० फूट वेग मिळाला. साडेदहा इंची नळीतून तो १२६० च्या आसपास गेला. सोळा इंचीतून १२९०. म्हणजे पहिल्या सहा इंचांनी शंभरावर फूट दिले आणि पुढच्या साडेपाच इंचांनी जेमतेम तीस. १४७ ग्रेनच्या जड गोळीला तर एवढाही फायदा झाला नाही.

कारण उघड आहे. हे काडतूस १९०२ सालचं, पिस्तुलासाठीच घडवलेलं. दारू थोडी आणि लवकर जळणारी. नऊ मिलिमीटरच्या बहुतेक काडतुसांत दहा-बारा इंचांपर्यंत वायूचा जोर जवळजवळ संपतो, आणि त्यापुढे गोळी नळीशी घासतच बाहेर पडते. प्लेट वाजायला तेवढा वेग लागतही नाही. यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी संघटनेच्या सामन्यात गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग भागिले हजार हा आकडा किमान १२५ लागतो. ११५ ग्रेनला त्यासाठी १०९० फूट पुरतात, आणि ते माझं पिस्तूलच देत होतं.

मग दुकानातल्या बहुतेक कार्बाइन सोळा इंचीच का? कायद्यामुळे. रायफलची नळी सोळा इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी झाली, की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली शॉर्ट बॅरल रायफल ठरते आणि आधी नोंदणी करावी लागते. मूळ कायद्यात रायफलची मर्यादा अठरा इंच होती, १९६० साली ती सोळावर आली. नोंदणीचा दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरी हे सगळं कायम आहे. अशी रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि काही राज्यांत ती बाळगताच येत नाही. मी सामन्यांसाठी राज्याची हद्द ओलांडतो, म्हणून तो रस्ता मी सोडून दिला.

खरं उत्तर मिळालं ते एका सामन्यात. उसन्या घेतलेल्या सोळा इंची, जाड नळीच्या कार्बाइनने खेळत होतो. दुसऱ्या प्लेटवरून तिसरीकडे वळलो, लाल ठिपका प्लेटवर आला आणि न थांबता तिच्या उजव्या कडेपलीकडे गेला. त्याला मागे ओढून आणेपर्यंत वेळ गेला. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच. घरी कार्बाइन रिकामी करून, दोनदा तपासून, एका बोटावर तोलली. तोल मॅगझिनच्या बराच पुढे पडत होता. फिरताना ते पुढचं वजन लवकर थांबत नाही. तेव्हापासून मी इंच मोजणं सोडलं आणि पुढच्या टोकाला किती ग्रॅम लटकतात ते बघायला लागलो.

पुढचं वजन कमी करायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सोळा इंचीच, पण बारीक, हलकी नळी. दुसरा म्हणजे आठ इंची नळी, तिच्यापुढे ॲल्युमिनियमचं पोकळ नळकांडं, पण नळीशी पोलादी जोडाने कायमचं बसवलेलं, म्हणजे कायद्याच्या मापात सोळा इंच भरतात. कायमचं म्हणजे, उदाहरणार्थ, आंधळी (आरपार न जाणारी) पिन ठोकून तिच्या डोक्यावर वेल्ड. नुसतं आट्यांवर फिरवून बसवलेलं मापात धरत नाहीत. मी दुसरा मार्ग घेतला.

इथे एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो. मी गनस्मिथकडे (बंदुकांची कामं करणाऱ्या कारागिराकडे) नळी आणि नळकांडं एवढंच पाठवलं. हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण, नंतर निवडू म्हटलं. काम सुबक होऊन आलं, पण हँडगार्डचा बॅरल नट (नळी बंदुकीला आवळणारा नट) त्या जाड नळकांड्यावरून मागे सरकेना, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने तो चढत नाही. पिन मिलिंगने काढून, नट आधी घालून, सगळं पुन्हा करावं लागलं. दीड महिना गेला. त्यानेही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वेल्ड करण्याआधी नट आणि हँडगार्ड हातात असलेच पाहिजेत.

जोडणी झाल्यावर माप घेतलं. बंदूक रिकामी, बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) बंद, पुढून लाकडी काठी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत आत, आणि टोकाशी पेन्सिलची खूण. सोळा इंच आणि वर दोन सूत. हे दोन सूत मुद्दाम ठेवले होते.

आता तोल मॅगझिनपाशीच येतो आणि ठिपका प्लेटवर थांबतो. झटका मात्र फारसा बदलला नाही, कारण साध्या ब्लोबॅकमध्ये (जिथे बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजनच त्याला रोखतं) तो जड बोल्ट मागे आदळल्यामुळे जाणवतो, नळीचा त्यात वाटा थोडा.

पुढे .३५७ मॅग्नमची लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) कार्बाइन घ्यायची इच्छा आहे. त्या काडतुसात दारू जास्त आणि सावकाश जळणारी असते, लांब नळीत वेग शेकड्यांनी वाढतो. तिची नळी मी पूर्ण लांबीचीच घेईन.