ऑफिसचे कपडे : नियमाशेजारी कारण लिहा

सोमवार

ऑफिसच्या ड्रेस कोडबद्दल कायम दोन टोकांची मतं ऐकू येतात. काम चांगलं झालं की बास, कपडे कोण बघतो, हे एक. शिस्त कपड्यांपासूनच सुरू होते, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझी कसोटी एवढीच: प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण एका वाक्यात लिहायचं. लिहिता आलं तर नियम ठेवायचा. ‘बरं दिसत नाही’ यापलीकडे काही सुचत नसेल तर तो खोडायचा.

कारण भक्कम असतं तिथे कुणी हुज्जत घालत नाही. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, अंगठी नको, सैल बाही नको, टाय किंवा ओढणी नको, हे सांगताक्षणी पटतं. त्यातला एक बारकावा मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. लेथच्या फिरत्या चकजवळ, म्हणजे तुकडा धरून ठेवणाऱ्या पकडीजवळ, हातमोजेही घालायचे नसतात. जपायला म्हणून घातलेला मोजा चकमध्ये अडकला की मोज्याबरोबर हातही आत ओढला जातो. भट्टीजवळ किंवा वेल्डिंगला पॉलिस्टरचा शर्ट चालत नाही, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. तिथे जाड सुती कापडच हवं. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने 2007 मध्ये रुग्णांना तपासणाऱ्यांसाठी कोपराखाली हात उघडे ठेवण्याची सूचना काढली: पूर्ण बाही नाही, घड्याळ नाही, टायही नाही. कारण उघड आहे. मनगटासकट हात नीट धुता आले पाहिजेत. आणि टाय तर क्वचितच धुतला जातो, पण रुग्णावर वाकलं की आधी तोच टेकतो.

आता याच कसोटीवर उंच टाचांची सक्ती घासून बघावी. डिसेंबर 2015 मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला दोन ते चार इंच टाचेचे बूट घालायला नकार दिला म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी घरी पाठवलं गेलं. या सक्तीविरुद्ध तिने संसदेकडे केलेल्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी या विषयावर अहवाल दिला. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने अशी सक्ती बंद केली आणि फिलिपिन्सच्या कामगार खात्यानेही या सक्तीविरुद्ध आदेश काढला. टाच उंच झाली की शरीराचा भार पुढच्या पंजावर येतो, पोटरीचा स्नायू आखडलेला राहतो, आणि दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला त्याची किंमत रोज मोजावी लागते. या सक्तीचं एका वाक्यातलं कारण मला आजतागायत कुठे लिहिलेलं दिसलेलं नाही.

मंगळवार

ड्रेस कोडची चर्चा दिसण्यावर अडकते आणि तापमान बाजूलाच राहतं. खरं तर कपडे आणि एसी हा एकच विषय आहे.

कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. ते 1941 मध्ये ठरलं. 21 अंश सेल्सिअसच्या, जवळजवळ वारा नसलेल्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला ना गरम ना गार वाटेल इतके कपडे म्हणजे 1 क्लो. इमारतींच्या तापमानासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲश्रे 55 या मानकात नेहमीच्या पेहरावांचे आकडे दिलेले आहेत. पँट आणि अर्ध्या बाहीचा शर्ट 0.57, तोच शर्ट पूर्ण बाहीचा असेल तर 0.61, आणि त्यावर सुटाचं जॅकेट चढवलं की एकदम 0.96. म्हणजे पूर्ण बाहीने जेमतेम फरक पडतो, सगळा भार जॅकेटचा. ढोबळ हिशेब असा, की दर 0.1 क्लोमागे आरामाचं तापमान सुमारे 0.6 अंशाने खाली सरकतं. जॅकेटचे 0.35 धरले तर साधारण दोन अंश.

हे दोन अंश कुणाच्या वाट्याला येतात? जॅकेटवाल्यांना बरं वाटावं म्हणून एसी दोन अंश खाली नेला की त्याच हॉलमध्ये पातळ टॉप किंवा अर्धी बाही घालून बसलेले कुडकुडतात. मग खुर्चीच्या पाठीला कायमची शाल नाहीतर स्वेटर लटकलेला दिसतो. तो स्वेटर ही त्या ड्रेस कोडबद्दलची न लिहिलेली तक्रार आहे. त्यात एसीच्या झडपेखाली बसणाऱ्याला वाऱ्याचा झोत वेगळा लागतो. आराम मोजण्याच्या जुन्या गणितात शरीराच्या उष्णतेचा आकडाही एका सरासरी पुरुषाचा धरलेला होता. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की हलकं बैठं काम करणाऱ्या बायकांसाठी तो जास्त ठरतो. म्हणजे ज्यांच्या अंगावर कपडा पातळ, त्यांच्याचसाठी हिशेबही चुकलेला.

जपानने उलट्या बाजूने सुरुवात केली. 2005 च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने ‘कूल बिझ’ मोहीम आणली: ऑफिसचा एसी 28 अंशांवर आणि टाय-जॅकेटला सुट्टी. पंतप्रधान कोइझुमी स्वतः बिनटायचे दिसू लागले. वरिष्ठ आधी टाय काढेपर्यंत खालचा माणूस काढत नाही, म्हणून मला या मोहिमेतली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 28 अंश पुष्कळांना गरमच वाटतात, आणि माझ्या मते 24 ते 26 हे बहुतेक बैठ्या कामांना जास्त सोसवतं. पण क्रम बरोबर होता. आधी कपडे हलके करा, मग तापमान ठरवा.

गुरुवार

नियम किती लांब असावा, यावर जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचं उदाहरण हमखास पुढे येतं. मेरी बारा तिथे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना त्यांनी दहा पानी ड्रेस कोड दोन इंग्रजी शब्दांवर आणला: ‘ड्रेस अप्रोप्रिएटली’, म्हणजे साजेसे कपडे घाला. मला त्यांचा हेतू पटतो, कारण त्यामुळे निर्णय त्या त्या टीमच्या मॅनेजरकडे गेला. पण दोन शब्द नवीन माणसाला पुरत नाहीत. ज्याच्या घरातून आधी कुणी ऑफिसात गेलेलंच नाही, त्याला ‘साजेसे’ कसं कळणार? तो महागडा कोट घेऊन येतो आणि बाकी सगळे टी-शर्टमध्ये असतात. ‘स्मार्ट कॅज्युअल’चंही तेच. जीन्स चालते का, कॉलरशिवाय चालतं का, पुढून उघडी चप्पल चालते का, या तीन प्रश्नांची हो-नाही उत्तरं द्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

माझ्या मते अर्धं पान पुरे. रोजच्या दिवसाला काय, बाहेरचे लोक भेटायला येतील त्या दिवशी काय, आणि कुठल्या कामाला सुरक्षेसाठी काय सक्तीचं. प्रत्येकाशेजारी कारण. हे पान ऑफर लेटरबरोबर जायला हवं, रुजू झाल्यावर नव्हे. आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत माणसाने आहे ते स्वच्छ कपडे घातले तर चालायला हवेत.

युनिफॉर्म असेल तर जोड्यांचा हिशेब नीट करावा. एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत, म्हणजे किमान तीन. दोनच दिले की पावसाळ्यात ओलसर कपडा अंगावर चढतो आणि मग कुबट वासाबद्दल बोलणीही त्यालाच खावी लागतात. मापं छातीवरून घेतली जातात आणि बायकांच्या शर्टाचं बटण नेमकं तिथेच ताणतं. दोन बटणांच्या मधे एक टिचबटण लावून दिलं की प्रश्न सुटतो. पँटला मोबाइल मावेल एवढा खिसा हवाच, तोही सगळ्यांच्या.

कुणाला कपड्यांवरून टोकायची वेळ आली तर त्याच दिवशी, एकट्याला, एकाच माणसाने सांगावं. कपड्याचं नाव घ्यावं, शरीराचं नाही. ‘हा गळा क्लायंटच्या मीटिंगला मोठा पडतो’ असं बोलण्याआधी स्वतःला विचारावं की हाच टॉप दुसऱ्या बांध्याच्या बाईने घातला असता तर मी टोकलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर तक्रार कपड्याची नाहीच आणि तोंड उघडू नये. भरल्या अंगाच्या बायकांना सारख्याच कपड्यांसाठी जास्त बोलणी बसतात. याची मला मनापासून चीड येते.

शनिवार

कपाटाकडे वळतो. नवीन शर्ट आरशासमोर ताठ उभं राहून घेऊ नये. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. मग खुर्चीत बसून दोन्ही हात टाइप करायला पुढे घ्यावेत. पाठ ओढली किंवा पोटावरची बटणं फाकली तर वरचं माप घ्यावं, कारण दिवसाचे सात-आठ तास जातात ते याच अवस्थेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, तोवर पाय फुगलेले असतात. चामड्याचा जोड लागोपाठ दोन दिवस घालू नये. आत शोषलेला घाम वाळायला त्याला साधारण एक दिवस लागतो.

सुती शर्ट चुरगळतो तो ओलावा आणि उष्णतेमुळे. सुताच्या धाग्यांतले बंध त्यांनी सैल होतात आणि कापड थंड, कोरडं होताना ज्या घडीत असेल त्याच घडीत पुन्हा घट्ट बसतात. इस्त्री चालते ती याच कारणाने, म्हणून शर्ट किंचित दमट असतानाच करावी. कॉलरची आतली बाजू आधी, आणि टोकांकडून मध्याकडे. मध्यापासून टोकाकडे ढकललं की टोकाला चुणी जमते. पुष्कळांची मेहनत वाया जाते ती यानंतर. गरम शर्ट तसाच चढवून गाडीवर बसलं की कोपराच्या आणि पाठीच्या वळ्या त्या उबेत पक्क्या होतात. दहा मिनिटं हँगरला थंड होऊ द्यावा.

पॉलिस्टर चुरगळत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं, आणि धुतलेला शर्ट तासाभरात पुन्हा वास मारतो तो त्यामुळेच. तो उलटा करून धुवावा. कॉलरवरची पिवळी रेघही त्या तेलाचीच. धुण्याआधी पंधरा मिनिटं तिथे भांड्याचा लिक्विड साबण चोळून ठेवला की निघते. गरम इस्त्री फिरवण्याआधी ती निघाली आहे ना हे बघावं, नंतर ती काढणं फार अवघड जातं.