वालाखालची माती

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मध्ये, साधारण १० फूट रुंद आणि २५ फूट लांब अशी जमिनीची पट्टी आहे. बांधकामातल्या डेब्रिजवर पसरलेली वीतभर लाल माती, एवढेच तिचे भांडवल. पहिली दोन वर्षे भेंडी आणि दोडकी निघाली की मी ती खणून, तण वेचून सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ ठेवत असे. मार्चपर्यंत तिच्यावर कडक पापुद्रा धरे आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तीच माती गटाराच्या जाळीपाशी जाऊन बसे.

हिवाळी आच्छादन पिकांविषयी, म्हणजे मोकळी माती झाकून ठेवण्यासाठी पेरलेल्या पिकांविषयी, जे वाचायला मिळते, ते बहुतेक थंड देशांतले असते. तिकडे शरदात राय हे तृणधान्य किंवा व्हेच ही शेंगवर्गीय वेल पेरतात, कारण तेथल्या ओल्या हिवाळ्यात आधीच्या पिकाकडून उरलेले नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) पाण्याबरोबर खाली निघून जाते. चिकणमातीचे कण ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे त्याला अडवायला जिवंत मुळेच लागतात. मुंबईत हे चक्र उलटे फिरते. वर्षाचा २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, म्हणजे नायट्रेट धुऊन जायचे ते तेव्हाच जाते. इथल्या हिवाळ्यात माती झाकायची ती उन्हापासून, आणि गमावलेला नत्र हवेतून परत मिळवायचा तो शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी.

यासाठी नवे काही शोधावे लागले नाही. रायगडात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल करतातच. त्याला आच्छादन पीक कोणी म्हणत नाही, लोकांचे लक्ष डाळिंब्यांवर आणि पोपटीवर असते. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ध्या पट्टीत वाल आणि उरलेल्या अर्ध्यात ताग (हाही शेंगवर्गीयच) पेरला. दिवस लहान असल्यामुळे ताग पावसाळ्यातल्यासारखा उंच झाला नाही आणि लवकरच पिवळ्या फुलांवर आला. फुलोऱ्याच्या सुमारास तो कापावा लागतो, कारण पुढे त्याचे खोड चिवट होते (दोर वळतात ते याच्याच वाखाचे) आणि असे काष्ठमय खोड कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र काही काळ अडकवून ठेवतात. थंड देशांत काही पिके कडाक्याच्या थंडीने आपोआप मरतात. इथे जानेवारीतही दुपारी पारा ३० अंशांपर्यंत जातो, तेव्हा ते काम विळ्यानेच करायचे.

वालाच्या बाबतीत मात्र मन आणि हिशेब यांचे जमत नाही. शेंगवर्गीय पिकातला नत्राचा मोठा भाग दाणे भरताना दाण्यांत जातो. शेंगा खाल्ल्या की तो ताटात जातो आणि मातीला मुळे व पाला तेवढा उरतो. जमिनीचे पोट भरायचे तर वेल फुलातच कापला पाहिजे. मी ते केले नाही. वालाची उसळ सोडण्याइतका माझा निग्रह नाही; त्या अर्ध्या भागाला मी शेणखत वेगळे देतो आणि पाला तेथेच ठेवतो.

कापलेला ताग गाडायचा की वरच पसरायचा, यावर मी बराच विचार केला. हिरवा पाला ओल्या, उबदार मातीत गाडला की काही आठवड्यांत कुजतो आणि त्यातला नत्र मोकळा होतो. लगेच उन्हाळी भाजी लावायची असेल तर ते उत्तमच. पण आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते, पट्टी जूनपर्यंत रिकामी राहते, आणि मोकळा झालेला नत्र पहिल्या पावसात वाहून जाण्याचीच शक्यता अधिक. म्हणून मी ताग वरच अंथरतो. कोरडा राहिल्याने तो सावकाश कुजतो, खालची माती तापत नाही आणि टपोऱ्या थेंबांचा मारही त्यावरच पडतो. जूनमध्ये तो बाजूला न सारता, फक्त जागा करून भेंडीचे बी टोचतो, म्हणजे जे मोकळे होईल ते घ्यायला मुळे हजर असतात.

अडचण एकच आली. पहिल्या वर्षी सफाईच्या काकांनी तो वाळलेला ताग कचरा समजून एका सकाळी सगळा झाडून नेला. आता फेब्रुवारीत पट्टीभोवती सुतळी बांधतो आणि त्यांना आधीच वालाच्या शेंगांची पिशवी देऊन ठेवतो.