सदांवरी

भाऊ रविवारी सकाळी आले आणि कॉफी पिऊन गेले. कप बशीत ठेवताना म्हणाले, "बरी जाल्या. सदांवरी." आज बुधवार संपत आला, तरी तो शब्द कानातून जायला तयार नाही.

कडू झाली म्हणाले असते तर मी मान्य केले असते, करपली म्हणाले असते तर वाद घातला असता. पण सदांवरी, म्हणजे नेहमीसारखी; म्हणजे चवथीच्या दिवसांत वहिनींनी चिकोरीच्या पुडीची पातेलेभर केली होती तशी; म्हणजे शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून मी जे काही केले, ते केले नसते तरी कोणाचे काही बिघडले नसते. या शब्दात दोष काढलेला नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तरही देता येत नाही.

मी काय केले होते ते एकदा लिहून ठेवते. माझ्या मुलाने, नंदनने, मे महिन्यात येताना आणलेल्या कॉफीच्या तीन पिशव्यांपैकी इथिओपियातल्या यिर्गाशेफेची पिशवी घेतली, १५० ग्रॅम हिरव्या बिया ताटात पसरून तांदूळ निवडावेत तशा निवडल्या, फुटक्या आणि किडीने भोक पाडलेल्या बाजूला काढल्या, आणि बिडाची कढई मध्यम आचेवर ठेवून लाकडी उलथन्याने हलवत राहिले. रवा भाजताना एखादी फेरी चुकली तर चालून जाते. कॉफीची बी एका बाजूला तेवढ्यात डागते. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग बिया पिवळ्या पडतात आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवरून जाताना येतो तसा वास सुटतो, मग दालचिनीचा रंग चढतो, आणि बी २०० अंशांच्या आसपास तापली की आत कोंडलेली वाफ तिला फोडून बाहेर पडू लागते. हा पहिला तडतडाट. लाह्यांसारखाच आवाज, फक्त बिया उडत नाहीत. खरी परीक्षा त्या आवाजानंतरच्या दोन मिनिटांची असते. लवकर उतरवली तर कच्च्या शेंगदाण्याची चव राहते, आणि थांबलो तर दुसरा तडतडाट सुरू होऊन बीवर तेल येते आणि मग ती कुठल्या डोंगरावरची होती हे विचारण्यात अर्थ उरत नाही. मी दीड मिनिटावर उतरवली. पिठाच्या चाळणीत ओतून पंख्याखाली गार केली. वजन केले तर १२६ ग्रॅम भरली, उरलेले २४ ग्रॅम पाणी, धूर आणि चंदेरी कोंडा होऊन गेले, आणि त्यातला कोंडा अजूनही फडताळाच्या कोपऱ्यांत सापडतो आहे. मग दोन दिवस बरणीत विसावू दिली, कारण भाजल्यावर बीतून वायू निघत राहतो आणि ताज्या ताज्या दळलेल्या कॉफीची चव त्यात अडकते. एवढे झाल्यावर रविवार उजाडला, आणि भाऊंनी त्यात दूध आणि दोन चमचे साखर घातली.

पिशवीवरच्या कार्डावर तीन चवी लिहिलेल्या आहेत: जाई, लिंबाची साल, जर्दाळू. जर्दाळू मी सुकेच खाल्ले आहेत, त्यांच्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी मी ऐकून घेईन. पण जाईच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. माझे बालपण म्हार्दोळला गेले आहे. महालसेच्या देवळातल्या जायांच्या पूजेला गाभाऱ्यापासून खांबांपर्यंत फुले असतात आणि त्या रात्री घरी आल्यावर अंगावरच्या कपड्यांनाही तो वास असतो. संध्याकाळी कळी उमलू लागताना जाई कशी येते आणि दुसऱ्या दिवशी सुकलेल्या फांतीतून, म्हणजे गजऱ्यातून, कशी येते, हा फरक मी झोपेतही सांगेन. आणि मला खात्री होती की रविवारच्या कपात ती होती. ती भाऊंना कळली नाही.

या घरात चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीला एक फळ कमी बांधले गेले तर दहा जणांना दिसते, पण मी काही वेगळे केले तर ते सदांवरी. वहिनी तर म्हणाल्याच होत्या, "कित्याक गो इतको खटाटोप, पूड मेळटा मगे." संध्याकाळी नंदनला सांगावे म्हणून फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करायचा अलीकडे कंटाळा येतो. असो.

सोमवार मी मनातल्या मनात भाऊंना समजावण्यात घालवला. त्यांना सांगितले की इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या यिर्गाशेफेच्या डोंगरांत ही झाडे १७०० ते २२०० मीटर उंचीवर वाढतात, तिथल्या गार रात्रींमुळे फळ सावकाश पिकते आणि बी घट्ट होते. वरचा गर काढून, आंबवून, धुऊन ती वाळवतात, म्हणून तिची चव नितळ आणि फुलासारखी लागते. त्याच देशातल्या हरारकडची बी अख्ख्या फळासकट उन्हात वाळते, म्हणून तिला पिकलेल्या बोरासारख्या फळांचा, थोडा दारूकडे झुकणारा वास असतो. आपल्याकडचेही सांगितले. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या चंद्रगिरीवर लावल्या असे सांगतात. त्याच मुलखातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४०च्या दशकात निघालेला एस. ७९५ हा वाण तांबेऱ्यापुढे टिकेल म्हणून तयार झाला, आणि त्यात आंबटपणा कमी, गुळाचा आणि मसाल्याचा भास अधिक, म्हणून तो दुधात शोभतो. चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, कोडगू, अराकू आणि वायनाड या पाच ठिकाणच्या कॉफ्यांना २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते सगळ्या एकसारख्या लागत असत्या तर कशाला मिळाले असते? शेवटी त्यांच्याच भाषेत विचारले, "भाऊ, कोणी तुम्हाला मानकुराद आंबा दिला आणि तुम्ही सदांवरी म्हणालात असे कधी झाले आहे का? मुसराद आणि मानकुराद तुम्ही देठाच्या वासावरून वेगळे करता, मग इथेच काय झाले?"

मनातले भाऊ निरुत्तर झाले. खरे भाऊ त्या वेळी फोंड्याच्या बाजारात सुंगटे निवडत असतील.

काल रात्री मात्र वाटले की नुसता युक्तिवाद पुरे नाही, पुरावा हवा. तीन कप घेतले. एकात यिर्गाशेफे, एकात नंदनच्याच दुसऱ्या पिशवीतला चिकमगळूरचा एस. ७९५, जो शुक्रवारीच पाठोपाठ भाजला होता, आणि तिसऱ्यात बाजारातली, पण चिकोरी नसलेली पूड. तिन्हींत सारखेच वजन, सारखेच पाणी, चार मिनिटे थांबून वरचा फेस काढला. कपांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या, डोळे मिटून ताटातल्या ताटात कप फिरवले आणि घोट घोट प्यायले. दूध नाही, साखर नाही, समोर भाऊ नाहीत. दोनदा प्यायले. मग मधल्या कपावर बोट ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "ही जाई." रात्री अकरा वाजता रिकाम्या स्वयंपाकघरात मी हे मोठ्याने म्हणाले, हेही इथे लिहून ठेवायला हवे.

कप उलटा केला तर बुडाला चिकमगळूर निघाले.

यिर्गाशेफे डावीकडे होती. तिला मी बाजारची पूड समजले होते.

मग पिशवी ट्यूबलाइटखाली आणली आणि उरलेल्या बिया पांढऱ्या कागदावर ओतल्या. मे महिन्यात त्या ओल्या वाटाण्याच्या रंगाच्या, किंचित निळसर होत्या. आता त्यांच्यावर वाळल्या पेंढ्याची पांढुरकी छटा आली आहे. बुरशी नव्हती, एवढे नशीब. नाक लावले तर तांदळाच्या जुन्या पोत्यात डोकावल्यासारखे वाटले. हिरव्या बीत दहा ते बारा टक्के ओल असली की ती महिनोन्महिने टिकते, आणि मी ती अर्धवट बंद झालेल्या कागदी पिशवीत, चुलीशेजारच्या फडताळात ठेवून वर जून ते सप्टेंबरचा पाऊस जाऊ दिला होता. जिथे मीठ पाझरते, काड्यापेटी पेटत नाही आणि पापडांना दर चार दिवसांनी डबा बदलावा लागतो, तिथे कॉफीच्या बीने बाहेरची ओल कशी रोखावी? शुक्रवारी बिया पिवळ्या व्हायला नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त लागली होती आणि तडतडाटही दबलेला होता. ते मला दिसले होते, ऐकूही आले होते. मी गॅस सिलिंडरला दोष दिला.

एस. ७९५ची पिशवी जाड प्लास्टिकची होती आणि ती योगायोगाने डाळींच्या घट्ट डब्यात पडून राहिली. त्यामुळे ती वाचली, आणि जाई म्हणून गौरवलीही गेली.

फ्रिजवर नंदनने चिकटवून ठेवलेले कॉफीच्या चवींचे चक्र आहे, १९९५मधल्या चक्राची २०१६मध्ये झालेली सुधारित आवृत्ती. एका बाजूला फुले आणि फळे, तिथे जाई आहे. मी नेहमी तेवढाच भाग वाचत असे. काल पहिल्यांदा उरलेला घेर वाचला, तर तिकडे कागदी, धुळकट, कुबट असेही रकाने आहेत, आणि माझी यिर्गाशेफे तिथे बिनचूक बसते.

गंमत म्हणजे याच अपघाताला आपल्या किनाऱ्यावर धंद्याचे रूप मिळालेले आहे. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचायला कित्येक महिने लागत, आणि समुद्राच्या दमट हवेने वाटेतच ती फुगून फिकट होई. पुढे १८६९मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला, आगबोटी आल्या, प्रवास आखूड झाला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनीच चव हवीशी वाटू लागली, असे सांगतात. म्हणून मग मंगळूरकडच्या उघड्या गोदामांत बिया पसरून, वेळोवेळी उलथून, पावसाळी वारा त्यांना मुद्दाम दिला जातो. बी फुगते, सोनेरी पडते, आंबटपणा जवळजवळ जातो आणि माती-मसाल्याची जड चव उरते. त्याला मान्सून्ड मलबार म्हणतात आणि त्यालाही मानांकन आहे. अर्थात तिथे माणसे ती राखतात. माझ्या फडताळात कोणी काही राखत नव्हते. समुद्र ओलांडून आलेली जाई मी पावसाच्या पानात वाढून मोकळी झाले.

हे लक्षात आल्यावर मला हसू आले. चार दिवस जो शब्द मी उराशी धरून बसले होते, तो त्या टेबलावरचा एकमेव बरोबर शेरा होता. कार्ड न वाचता, चक्र न बघता, दोन चमचे साखर ढवळून भाऊंनी जे कपात होते तेवढेच सांगितले. कार्ड पीत होते ती मी. आणि साखरेवरून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला तसाही नव्हता. इथिओपियात पाहुणा आला की घरची बाई त्याच्यासमोर हिरव्या बिया तव्यावर भाजते, तो धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवते, मग कुटून जबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळते आणि तीन फेऱ्या वाढते; बहुतेक ठिकाणी त्यात साखर पडते, कुठे कुठे मीठही. जिथे ही बी जन्मली तिथे कोणी पाहुण्याला जाई लागली का म्हणून विचारत बसत नसावे.

मे महिन्यात पहिल्यांदा भाजली तेव्हा मात्र ती होती. नंदन दारात उभा राहून म्हणाला होता, "आई, म्हार्दोळ!" तेव्हा खरेच बीतून येत होती की तो उभा होता म्हणून... ते आज लिहीत नाही.

उरलेली ४२० ग्रॅम यिर्गाशेफे आज दुपारी उन्हाची तिरीप आली तेवढ्यात स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकणाला कणीक लावावी तसा टेप लावला. आता उशीर झाला आहे हे ठाऊक आहे, पण अजून ओल नको. फुलाची आशा सोडून ती थोडी गडद भाजायची, दुसरा तडतडाट लागता लागता उतरवायची, म्हणजे पोत्याचा वास दबेल आणि दुधाला अंग मिळेल. भाऊ शनिवारी येणार आहेत. कार्डावरची जाई मी खोडलेली नाही, खाली पेन्सिलीने लिहिले आहे: "भाऊंसाठी. एक मिनिट जास्त. साखर त्यांची ते घालतील."