कोपनहेगन अर्ध्या दिवसात, आणि ड्रॅगोरला बस सोडून दिली

लेक माल्मोला असते, म्हणजे स्वीडनमध्ये, पण कोपनहेगन तिच्या घरापासून ट्रेनने चाळीसेक मिनिटांवर, त्यामुळे जूनमध्ये आम्ही तिघं (मी, नवरा आणि सासूबाई, वय 74) गेलो तेव्हा "डेन्मार्क तर करूच" असं ठरलेलंच होतं. सासूबाईंचे गुडघे बघून लेकीने गाइडवाली बसटूर बुक केली, सकाळी शहर आणि मग ड्रॅगोर नावाचं मच्छीमारांचं गाव. जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, पासपोर्ट जवळ ठेवा. दोन देशांमधला समुद्रावरचा पूल ओलांडताना देश बदलतो आणि स्वीडनकडे परतताना तपासणी होऊ शकते. नवऱ्याचा पासपोर्ट घरी सुटकेसमध्ये राहिला होता, स्टेशनवरून परत जाऊन आणावा लागला आणि टूरची बस आम्ही अक्षरशः पळत पळत पकडली.

गाइड म्हणजे साठीच्या पुढच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका असाव्यात असा आवाज. सुरुवातीलाच म्हणाल्या की 1167 च्या सुमाराला अ‍ॅबसलॉन नावाच्या बिशपने इथे किल्ला बांधला, त्याचे अवशेष आता ख्रिश्चनबोर्ग राजवाड्याच्या तळघरात आहेत, आणि त्यानंतर या शहराने मुख्यतः जळण्याचं काम केलंय. विनोद होता पण खोटा नव्हता. 1728 ची आग, 1795 ची आग, 1807 ला इंग्रजांचा तोफगोळ्यांचा मारा, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये जुनं स्टॉक एक्स्चेंज जळालं, ते तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. त्याच्या शिखरावर चार ड्रॅगनच्या शेपट्या एकमेकींत पिळलेल्या होत्या आणि ते ड्रॅगन इमारतीला आगीपासून वाचवतात अशी समजूत होती. बाजूचा राजवाडा जळाला तरी ही इमारत वाचत आली होती, शेवटी दुरुस्ती चालू असतानाच गेली. आम्ही गेलो तेव्हा परांचींच्या जंगलाशिवाय काही दिसलं नाही.

अमालियनबोर्गला चौकाच्या चार बाजूंना चार राजवाडे, मध्ये घोड्यावर राजा पाचवा फ्रेडरिक. पहारा दुपारी 12 ला बदलतो, शिपाई साडेअकराला रोझेनबोर्ग किल्ल्याकडून चालत निघतात, पण बसटूरची वेळ त्याच्याशी जुळेलच असं नाही, आमची जुळली नाही. ते बघायचंच असेल तर स्वतः वेगळं जा आणि गर्दी व्हायच्या आत पोचा. राजे तिथे राहायला असतील तरच बँड असतो, उन्हाळ्यात ते बऱ्याचदा दुसरीकडे असतात.

लिटल मर्मेड या जलपरीच्या पुतळ्याबद्दल आधीच सांगते म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. सव्वा मीटर उंचीची मूर्ती आहे, 1913 ची, कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल जेकबसनने शहराला दिलेली. तिच्यापुढे फोटोसाठी चाळीस माणसं, आणि सासूबाई म्हणाल्या, "एवढीशीच?" तिचं डोकं 1964 ला कोणीतरी करवतीने कापून नेलं होतं हे गाइडने सांगितल्यावर मात्र त्यांना तिची दया आली. पण मी म्हणेन तिथे पाच मिनिटं द्या आणि जवळच गेफियन कारंजं आहे तिथे वीस द्या. गेफियन देवीला स्वीडनच्या राजाने सांगितलं की एका रात्रीत नांगरशील तेवढी जमीन तुझी, मग तिने आपल्या चार मुलांना बैल केलं आणि एवढं नांगरलं की जमिनीचा तुकडाच सुटून समुद्रात आला, तेच हे झीलँड बेट, ज्यावर कोपनहेगन उभं आहे. आम्ही तिघंही एकदम "परशुराम!" म्हणालो. मग गाइडबाईंना परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण केलं ही गोष्ट सांगावीच लागली, त्या म्हणाल्या तुमच्याकडे निदान शेजाऱ्याची जमीन तरी चोरली नाही.

शहराच्या क्रिश्चन्सहाऊन भागातून जाताना बाहेरून जिना असलेलं चर्चचं शिखर दिसतं. वर जायला 400 पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या दीडशे शिखराच्या बाहेरून, वारा खात. वास्तुरचनाकाराने जिन्याचा पीळ उलटा बसला म्हणून वरून उडी मारली अशी कथा आहे, आणि गाइडने ती सांगून लगेच खोटी आहे असंही सांगितलं, बिचारा नंतर कित्येक वर्षं जगला. गुडघे दुखत असतील तर याऐवजी राउंड टॉवर करा. 1642 चा, आत पायऱ्यांऐवजी 209 मीटरचा गोल गोल चढ आहे (शेवटी थोड्या पायऱ्या आहेत), रशियाचा पीटर द ग्रेट 1716 ला घोड्यावरून वर गेला होता म्हणतात. सासूबाई थांबत थांबत गेल्या, पण गेल्या. हे टूरमध्ये नव्हतं, आम्ही दुसऱ्या दिवशी केलं.

क्रिश्चन्सहाऊनलाच पाण्याच्या कडेला जुन्या एशियाटिक कंपनीच्या, म्हणजे आपल्याकडे व्यापाराला येणाऱ्या डॅनिश कंपनीच्या, इमारती आहेत. गाइडने तीस सेकंदात उरकलं पण नवऱ्याला इतिहासाची आवड, त्याने बसमध्येच मला अर्धा तास ऐकवलं. 1620 ला डॅनिश लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला जागा मिळवली, तिथे किल्ला बांधला आणि 1845 ला सगळं इंग्रजांना विकून टाकेपर्यंत तिथे होते. मधल्या काळात तंजावर भोसल्यांकडे आलं, आणि दुसऱ्या सरफोजीराजांना लहानपणी शिकवणारे पाद्री श्वार्ट्झ हे तरंगंबाडीच्या याच डॅनिश मिशनमधून आलेले. म्हणजे आपल्या मराठी राजाच्या शिक्षणाचा एक धागा इथपर्यंत येतो. अशी पाटी मात्र कुठे दिसली नाही मला.

नुहाऊन या जुन्या बंदराच्या काठी रंगीत घरांचे फोटो काढा आणि जेवायला दुसरीकडे जा, तिथले दर डोळे पांढरे करणारे आहेत (डॅनिश क्रोनचे रुपये करा आणि मग मेनू वाचा, आम्ही गेलो तेव्हा साधारण 13 ने गुणावं लागत होतं). लोकल लोक दुकानातून बिअर घेऊन सरळ धक्क्यावर पाय सोडून बसतात, तसं करा.

आता ड्रॅगोर, ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले. शहरापासून बारा-तेरा किलोमीटर, विमानतळाच्याही पलीकडे, आमाअर बेटाच्या टोकाला. दोन्ही नावांत लिहिताना ग आहे आणि बोलताना तो गायब होतो, मी ठणठणीत ग म्हटला की गाइडबाई हसायच्या. 1521 ला राजा दुसऱ्या ख्रिश्चनने हॉलंडकडचे शेतकरी बोलावून शेजारच्या स्टोअर मॅग्लेबीला वसवले, राजवाड्याला चांगल्या भाज्या मिळाव्यात म्हणून. त्याची राणी तिकडे वाढलेली, तिला इथली भाजी काय पसंत पडणार! त्या शेतकऱ्यांनी गाजरं, कांदे पिकवले, आणि शहरात जिथे बसून विकले तो चौक म्हणजे आमाअरटोर्व, सकाळी आम्ही ज्या कारंज्यापाशी आइस्क्रीम खाल्लं तोच. सकाळी नुसतं नाव होतं, दुपारी त्याचा अर्थ लागला. आणि त्याच बेटाला शहरवाले बराच काळ अगदी घाणेरड्या नावाने हाक मारायचे कारण शहराचा मैला तिकडे टाकायचे, हे पण बाईंनी गालातल्या गालात सांगितलं.

गावात पिवळी घरं, लाल कौलं, काही गवताने शाकारलेली, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की बस बाहेरच थांबते. टूरवाल्यांनी इथे फक्त 45 मिनिटं दिली होती. त्यात धड चहा होत नाही. मी गाइडला सांगून टाकलं की आम्ही इथेच उतरतो, परत आमचे आम्ही येऊ, त्यांनी आमची नावं यादीतून खोडली आणि सिटी बसचा थांबा दाखवला. हाच माझा मुख्य सल्ला. टूरने जा, आणि ड्रॅगोरला टूर सोडा. न सांगता मात्र गायब होऊ नका, सगळी बस ताटकळते.

मग तीन तास आरामात. बंदरावर जुनी मच्छीमार होडी आहे, एलिझाबेथ, 1943 च्या ऑक्टोबरमध्ये नाझींपासून वाचवायला ज्यूंना रात्रीतून स्वीडनला नेणाऱ्या होड्यांपैकी. समोर तो पाण्याचा पट्टा दिसतो, पलीकडे माल्मो, जिथे आम्ही रोज रात्री ट्रेनने निवांत झोपायला जात होतो. नवरा बराच वेळ तिथे काही न बोलता उभा होता.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी ब्रेडवर बटाटा किंवा अंडं घातलेलं स्मोरब्रोड मागावं, बाकी सगळं हेरिंग आणि कोळंबी. आमच्याकडे थेपले होते. पाणी नळाचं प्या, विकत घेऊ नका, घेतलंच तर बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की डिपॉझिट परत मिळतं. बूट जाड तळाचे, सगळीकडे गोट्यांचे दगडी रस्ते आहेत, आणि छत्री नको, वाऱ्याने उलटते, विंडचीटर न्या. शहरात सायकलच्या पट्ट्यावर चुकूनही उभं राहू नका. परतीच्या बससाठी रायसेप्लॅनन (Rejseplanen) अ‍ॅप टाकून ठेवा आणि तिकीट काढताना झोन नीट बघा. आम्ही थांब्याच्या चुकीच्या बाजूला उभे होतो, एक बस डोळ्यासमोरून गेली.

पण त्यामुळे ते आरसे नीट बघून झाले. तिथल्या काही खिडक्यांना बाहेरून छोटे आरसे लावलेत, घरात बसल्या बसल्या गल्लीत कोण आलं कोण गेलं ते दिसावं म्हणून. सासूबाईंनी अशा एका आरशात स्वतःला न्याहाळून घेतलं आणि मला म्हणाल्या, याचा फोटो काढ, समोरच्या कुलकर्णीबाईंना पाठवायचाय.