तुम्ही विचारलंत म्हणून: घरात पोळी असताना टॉर्टिया कशाला?

नाशिकला आमच्याकडे जेवायला येणारे बहुतेक जण ताटात मैद्याचा टॉर्टिया पाहिला की एकच विचारतात: राजमा आणि कांदा रोजच्या पोळीतच गुंडाळला असता तर काय बिघडले असते? बिघडत काहीच नाही, पोळीचा रोल आम्हीही डब्यात देतो. परंतु टॉर्टिया म्हणजे मैद्याची पोळी असे समजून कोणी करायला घेतला तर तो हमखास चिवट होतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

खरा फरक तेल-तूप केव्हा घालायचे याचा आहे. पोळीत घडीला तेल लागते आणि त्याने पदर सुटतात. टॉर्टियाला पदर नकोच असतात. तिथे कोरड्या मैद्यालाच मोहन चोळायचे, म्हणजे पिठाच्या कणांवर स्निग्ध थर बसतो, पाणी घातल्यावर ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) बेताचेच तयार होते आणि भरगच्च सारण घालून गुंडाळले तरी टॉर्टिया तडकत नाही. गव्हाच्या टॉर्टियाचा मुलूख म्हणजे मेक्सिकोचा उत्तर भाग, विशेषतः सोनोरा. तिकडे मोहनाला डुकराची चरबी घेतात, मी साजूक तूप घेते. (मक्याचा टॉर्टिया याहून फार जुना, तो चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा असतो आणि त्याला मोहन लागत नाही.)

३०० ग्रॅम मैदा, चमचाभर मीठ, ७० ग्रॅम तूप आणि साधारण १५० मिलिलीटर पाणी एवढ्यात दहा टॉर्टिया होतात. मोहन कडकडीत नको, थिजलेले तूप हवे. ते नाशिकच्या थंडीत आपोआप मिळते, एप्रिलमध्ये मात्र वाटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते. ते बोटांनी इतके चोळावे की पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळावा. पाणी हाताला सोसेल इतके गरम घ्यावे. तुपाऐवजी लोणी वापरले तर त्यात मुळातच पाणी असते, म्हणून वरचे पाणी कमी करावे.

मळलेला गोळा अर्धा तास आणि त्याचे छोटे गोळे आणखी पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत, यात घाई चालत नाही. लाटताना कडा मागे सरू लागल्या तर जोर लावू नये. तो गोळा बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. खानदेशी मांडे करणाऱ्या बायका पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत पसरवतात आणि उपड्या खापरावर टाकतात. सोनोरातला सोबाकेरा नावाचा भला मोठा टॉर्टियाही असाच हातांवर ताणतात. माझी मजल लाटण्यापुढे गेलेली नाही आणि जावी असा आग्रहही नाही.

बिडाचा तवा चांगला तापवून, तेल न सोडता, प्रत्येक बाजू अर्धा ते पाऊण मिनिट भाजावी. तपकिरी ठिपके पडले की काढावा. जास्त भाजल्यास आतला ओलावा उडतो आणि टॉर्टिया पापडाच्या वाटेला लागतो. उतरवलेले टॉर्टिया लगेच एकावर एक रचून फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे त्यांच्याच वाफेने ते मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी ते ताठ वाटतात, कारण गार झाल्यावर मैद्यातले स्टार्च पुन्हा घट्ट होते. गरम तव्यावर क्षणभर उलटसुलट केले की पुन्हा हवे तसे वळतात.