जुनेरं, डाग आणि रंग: आमची वाटचाल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ते कपाटाच्या दुसऱ्या फळीला टेकलं होतं. पाणी ओसरल्यावर आठवडाभर अख्ख्या गल्लीत दोऱ्या बांधून कपडे वाळत होते. धुऊन धुऊन हात सोलवटले, तरी गाळाचे तपकिरी डाग काही हटेनात. तेव्हा शेजारच्या काकू त्यांच्या आईची अबोली रंगाची सुती साडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "टाकवत नाही गं. तू पोरांना चित्रकला शिकवतेस, तर यावर कायतरी काढून दे की."

साडी उलगडली आणि मी बघतच राहिले. घडीची एकच कड भिजली होती, त्यामुळे डाग हातभर अंतरानं पुन्हा पुन्हा उमटला होता, ठसा मारल्यासारखा. नक्षीची जागा पुरानंच आखून दिली होती म्हणा ना. प्रत्येक डागावर गडद हिरव्या पानांचा झुबका काढला, मधल्या जागेत जाईची वेल नेली. काकूंनी बळेच दीडशे रुपये हातात कोंबले. त्यांनी ती साडी गौरीला नेसली आणि पुढच्या पंधरवड्यात माझ्या दारात अकरा पिशव्या आल्या.

उशांचे अभ्रे रंगवायला मी कॉलेजातच शिकले होते, पण नवं कापड वेगळं आणि जुनेर वेगळं. नव्या कापडाला खळ असते, ती धुऊन काढल्याशिवाय रंग धाग्याला धरत नाही. जुन्या सुती कापडाची खळ कधीच गेलेली असते, ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, आणि रंग असा पितं की विचारू नका. एका हातात भागेल असं वाटतं तिथं दोन द्यावे लागतात. पण दुसरा हात जाड झाला, तर पदर पापडासारखा कडक होतो. हा अंदाज यायला मला वर्ष लागलं.

मधे एक प्रकरण चांगलंच अंगाशी आलं. एका वहिनींच्या सुती कुर्त्यावर मोर काढला होता. तिसऱ्या धुण्यात त्याच्या पिसाऱ्याचे पोपडे निघाले. रंगाच्या कंपनीला शिव्या घालून झाल्यावर कळलं, की वहिनी कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात सुवासिक लिक्विड घालायच्या. त्याचा थर धाग्यावर बसला की ॲक्रिलिक रंगाला धरायला जागाच उरत नाही. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं. कुर्त्याचे पैसे भरून दिले. आता कापड आलं की आधी नुसत्या साबणानं धुतो, मगच पेन्सिल लावतो. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवायची, वाफ अजिबात द्यायची नाही, आणि तीन दिवस पाणी दाखवायचं नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठी वाचतात की नाही, देव जाणे. पॉलिस्टर आणि जॉर्जेटची कामं आम्ही सरळ नाकारतो. मीडियम (कापडावर रंग धरावा म्हणून त्यात मिसळायचं द्रव) घालून रंग बसतो म्हणतात, बसतोही, पण जुन्या सुताइतकी त्याची हमी मला देता येत नाही.

सांगलीत धंदा करायचा म्हणजे हळदीशी गाठ आलीच. हळदीच्या बाजारात, मार्केट यार्डात उठबस असणाऱ्यांचे पांढरे सदरे, शिवाय लग्नातल्या हळदीनंतरच्या साड्या. साबण लागला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. घासू नये. खळबळून धुवावं आणि कडक उन्हात टाकावं, हळदीचा रंग उन्हात उडतो. पहिल्या दोन दिवसांत बराचसा डाग असाच जातो, मग आमच्याकडे यायची गरजही पडत नाही. (हे सांगून मी गिऱ्हाईक घालवते, असं आमच्या घरात मत आहे.) उरतो त्यावर पांढरा रंग देऊन झाकायला गेलं, तर पिवळा खालून डोकावतोच. म्हणून तिथं आम्ही झेंडू काढतो, नाहीतर बहाव्याचे घोस. पिवळ्यात पिवळा मिसळून जातो.

पैशाचं म्हणाल तर एक वाक्य अजून रोज ऐकते: "साडी तर जुनीच आहे, मग एवढे कसले?" आधी मी फुलामागं पैसे घ्यायचे, त्यात मरायची वेळ आली, कारण डाग बघून नक्षी ठरवण्यातच अर्धा दिवस जातो. आता तासावर घेतो आणि आधीच सांगतो. निम्मे लोक परत जातात. जाऊ देत.

लॉकडाऊनमध्ये लोकांनी कपाटं उपसली आणि आम्हाला फोनवर फोटो येऊ लागले, तो काळ बरा गेला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा गिऱ्हाइकांचे बावीस कपडे पिशव्यांत बांधून मिरजेला नणंदेकडे हलवले. घरातली भांडी मागं राहिली. त्या दिवाळीला आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. आज आम्ही चौघी आहोत. सुनंदाचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, बारीक देठ तीच ओढते. पावसाळ्यात रंग वाळायला दोन-दोन दिवस जातात, एप्रिलमध्ये तो कुंचल्यातच सुकतो. दोन्ही वेळा चिडचिड माझी होते, तिची नाही.

गेल्या महिन्यात काकू ती अबोली साडी पुन्हा घेऊन आल्या. वेलीचा रंग टिकलाय, पण कापडच विरलंय, निऱ्यांच्या जागी हात लावला की फाटतं. नातीसाठी परकर-पोलकं करायचं म्हणतात. परकराचा घेर पदराच्या बाजूनं निघतोय. पोलक्याची बाही कापताना मात्र जाईची वेल नेमकी मधेच तुटते. कागदाचे दोन बेत कापून झाले, दोन्ही चुकले. तिसरा आत्ता टेबलावर आहे, आणि पाठीचा तुकडा कमी पडतोय, असं सुनंदा म्हणते.