जातवैधतेचा अर्ज अकरावीतच करा
आज दिवसभर बारावीनंतरच्या प्रवेशाच्या फायली पाहिल्या आणि पुन्हा तेच: गुण आहेत, जातीचा दाखला आहे, जातवैधता नाही, म्हणजे तो दाखला पडताळून समितीने दिलेलं प्रमाणपत्र नाही. मुदतीत ती आली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि मूल खुल्या गटात ढकललं जातं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, मग जिल्हा पडताळणी समिती. गाडी अडते ती पुराव्यापाशी. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं, त्यांच्याकडेच आजोबांचा शाळेचा दाखला मागायचा, हा अन्याय आहे, आणि तो दरवर्षी होतो.

आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधा. तहसीलमध्ये गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मागा, जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती आधी जोडा, काम बरंच सोपं होतं. आडनाव कागदोपत्री बदललेलं असेल तर तसं शपथपत्रात स्पष्ट लिहा. त्रुटी बहुधा तिथेच निघते.

ओबीसी, विमुक्त-भटक्यांनी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची (घर उन्नत गटात मोडत नाही, याच्या दाखल्याची) तारीखही पाहा. ते 31 मार्चला संपतं.